‘द प्रेस्टीज’ सरळ काळात लावायचा तर: कुठे कापायचं आणि कुठे हात लावायचा नाही

तिसरी घंटा

या धाग्यात शेवटापर्यंतची सगळी रहस्यं उघडी आहेत. चित्रपट पाहिला नसेल तर आधी तो पाहा, मग इथे या.

ख्रिस्तोफर नोलानचा ‘द प्रेस्टीज’ (२००६, १३० मिनिटं, संकलक ली स्मिथ) तीन काळांत चालतो आणि हे काळ एकाच्या पोटात एक आहेत. तुरुंगातला जादूगार बोर्डन आपला वैरी जादूगार अँजियर याची डायरी वाचतोय. त्या डायरीत अँजियर कोलोरॅडो स्प्रिंग्जला बसून बोर्डनची सांकेतिक वही वाचतोय. आणि त्या वहीत दोघांची लंडनमधली उमेदवारी, अँजियरची बायको ज्युलिया हिचा पाण्याच्या टाकीतला मृत्यू, तिथून पेटलेलं वैर. फॅन-एडिट, म्हणजे तयार चित्रपटाचं हौसेने पुनर्संकलन, करणाऱ्यांना हा गुंता सोडवून घटना घडल्या त्या क्रमाने लावण्याचा मोह होतोच. प्रश्न असा की लावल्यावर उरतं काय.

याआधीची तीन उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवू. १९७७ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘गॉडफादर’चे पहिले दोन भाग काळाच्या क्रमाने दाखवले गेले, कोपोलाच्या संमतीने. ते जमलं, कारण बापाची आणि मुलाची गोष्ट यांत काही दशकांचं अंतर आहे आणि एकातली माहिती दुसऱ्याचं गुपित फोडत नाही. १९८४ मध्ये लेओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’ अमेरिकेत २२९ मिनिटांवरून १३९ वर आणून सरळ क्रमाने लावला गेला आणि चित्रपट कोसळला. अर्थात तिथे दीड तास कापला गेला होता, त्यामुळे सगळा दोष क्रमाला देता येत नाही. तिसरं उदाहरण नोलानचंच. ‘मेमेंटो’च्या २००२ च्या खास डीव्हीडीत सरळ क्रमाची आवृत्ती लपवून ठेवली होती. अभ्यासाला ती उत्तम, पण पाहताना ताण शिल्लक राहत नाही.

‘प्रेस्टीज’ची अडचण या तिन्हींहून वेगळी आहे. इथे क्रम माहिती लपवतो, पण मुख्यतः तो गळ टाकतो. दोन्ही वाचकांना शेवटच्या पानावर कळतं की हे आपल्यासाठीच रचून लिहिलेलं होतं. आपणही त्यांच्याबरोबर वाचत आलेलो असतो, म्हणून फसगत आपली होते. सगळं सरळ केलं की वही आणि डायरी या नुसत्या वस्तू उरतात.

म्हणून माझा प्रस्ताव अर्ध्या सरळ मांडणीचा आहे. तुरुंगाची बाहेरची चौकट मोडायची आणि खटल्यापासून पुढचं सगळं शेवटी एकसंध न्यायचं. कोलोरॅडोत वही वाचण्याची आतली चौकट मात्र तशीच ठेवायची. तीन पातळ्यांच्या दोन होतील.

पूर्ण सरळ केल्यास ढोबळ क्रम असा: मिल्टनच्या खेळातली उमेदवारी आणि ज्युलियाच्या हातांच्या गाठीचा वाद, जादूगार चुंग लिंग सू, ज्युलियाचा मृत्यू, गोळी झेलण्याच्या खेळात बोर्डनची बोटं जाणं, अँजियरच्या पक्ष्याच्या पिंजऱ्याची नासाडी, बोर्डनचा स्थलांतराचा खेळ, अँजियरचा तोतया रूट, अँजियरची सहायिका ऑलिव्हिया हिची हेरगिरी, अँजियरचा मोडलेला पाय, बोर्डनचा मदतनीस फॅलन याला जिवंत पुरून वहीच्या किल्लीचा शब्द मिळवणं, कोलोरॅडोत टेस्लाकडून यंत्र मिळवणं, लंडनचे शंभर प्रयोग, मृत्यू, खटला, तुरुंग, फाशी, शेवट. कागदावर हे फार सुटसुटीत दिसतं. टाइमलाइनवर तसं राहत नाही.

फ्रेम२४

विषय चांगला घेतलात. मांडणीचा वाद चालू द्या, पण कुठलीही मांडणी करायची तरी आधीची तयारी तीच आहे आणि निम्मे प्रकल्प तिथेच बिघडतात, म्हणून ती लिहून ठेवतो.

स्रोत स्वतःच्या ब्लू-रेचाच घ्या. युरोपी डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमवर चालते, त्यामुळे १३० मिनिटांचा चित्रपट सुमारे १२५ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित वर चढतो. दोन स्रोत मिसळले तर एकही कट जुळणार नाही.

प्रकल्प उघडल्याबरोबर, काहीही आयात करण्याआधी, फ्रेमदर २३.९७६ करा. डाविंची रिझॉल्व या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मीडिया आत आला की हा आकडा गोठतो. सरळ २४ ठेवला आणि ध्वनी वेगळ्या फाइलमधून आणला तर हजारात एक एवढा फरक पडतो. पूर्ण लांबीवर तो ७.८ सेकंद होतो. पहिल्या दहा मिनिटांत तो फक्त ०.६ सेकंद असतो, म्हणून लोक ‘थोडं सरकवून’ पुढे जातात आणि शेवटच्या रिळात ओठ एक बोलतात, ऐकू दुसरंच येतं.

डिस्कवरचं एच.२६४, म्हणजे दाबून साठवलेलं चित्र, थेट कापू नका. त्यात बहुतेक फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवर अवलंबून असतात, त्यामुळे टाइमलाइन अडखळते आणि कटावर एखादी फ्रेम मागेपुढे होते. आधी डीएनएक्सएचआर एचक्यू या संकलनासाठीच्या स्वरूपात रूपांतर करा. १०८०ला सेकंदाला सुमारे २२ मेगाबाइट लागतात, म्हणजे पूर्ण चित्रपटाला साधारण १७० गिगाबाइट. अंतिम निर्यातीसाठी तेवढीच जागा आणखी मोकळी हवी.

ध्वनी ५.१चा, म्हणजे सहा चॅनेलचा, असेल तर एकाच वेव्ह फाइलमध्ये काढू नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सहा चॅनेल म्हणजे सहा-सात गिगाबाइट होतात आणि साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ गिगाबाइटची आहे. फाइल तुटते किंवा तिची लांबी चुकीची दिसते. सहा वेगळ्या मोनो फाइल काढा, प्रत्येकी सव्वा गिगाबाइटच्या आत बसते. स्रोत डॉल्बी डिजिटल असेल तर एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये डीआरसी स्केल (आवाज दाबण्याचं प्रमाण) शून्यावर ठेवा, नाहीतर डिकोड होतानाच मोठे आवाज दाबले जातात. टेस्लाच्या यंत्राचा कडकडाट मग मिळमिळीत होतो.

सहा फाइलींची नावं लगेच बदला: डावा, उजवा, मध्य, एलएफई (खालच्या धप्प आवाजांचा), मागचा डावा, मागचा उजवा. चित्रपटगृहाच्या मिश्रणात मध्य दुसऱ्या क्रमांकावर येतो, वेव्हमध्ये तिसऱ्या. गल्लत झाली की संवाद उजव्या स्पीकरमधून ऐकू येतात.

सीन कट डिटेक्शन, म्हणजे कट आपोआप शोधणारी सोय, चालवा, पण त्याच्यावर विसंबू नका. अंधाऱ्या दृश्यांत ते खरे कट सोडतं आणि विजेच्या प्रत्येक लखलखाटाला कट समजतं. कोलोरॅडोतले प्रयोगशाळेचे प्रसंग हातानेच तपासावे लागतील.

नादखुळा

चित्राचं फ्रेम२४ यांनी सांगितलं, पण या चित्रपटाचं पुनर्संकलन अडतं ते ध्वनीवर. तीन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, निवेदन. जादूची यंत्रं बनवणारा कटर, अँजियर आणि बोर्डन असे तीन निवेदक आहेत. अर्ध्या सरळ मांडणीत अँजियरच्या डायरीचं निवेदन जवळजवळ सगळं काढावं लागेल. ते मध्य चॅनेलमध्ये आहे, संगीत बहुतांशी डाव्या-उजव्यात आणि मागे. जिथे निवेदनाखाली संवाद नाहीत, म्हणजे आगगाडी, डोंगरातली पायवाट, तिथे मध्य चॅनेल तेवढ्यापुरता बंद करून त्याच प्रसंगातला निवांत भाग भरायचा: वारा, पावलं, खोलीची शांतता. मध्य रिकामा मात्र सोडू नका. पूर्ण शांत मध्य चॅनेल कानाला खड्ड्यासारखा जाणवतो, विशेषतः हेडफोनवर. भरलेल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना १२ ते २४ फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरताना दुसरा वर येणं) द्या. संवादाच्या कटाला २ ते ४ फ्रेम पुरतात.

निवेदनाखाली प्रत्यक्ष आवाज असतील तर डेमक्स किंवा अल्टिमेट व्होकल रिमूव्हर असं बोलणं वेगळं काढणारं सॉफ्टवेअर वापरावं लागेल. सगळ्यांना इथे एकच सांगणं आहे: सहा चॅनेलचं स्टिरिओ करून त्यावर ते चालवू नका. फक्त मध्य चॅनेल द्या. स्टिरिओवर चालवलं की व्हायोलिनचे वरचे सूर आवाज समजून खाल्ले जातात. आणि ‘स’, ‘श’चे अवशेष उरतातच. ते स्पेक्ट्रममध्ये ५ ते ९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दिसतात, हाताने पुसावे लागतात.

दुसरी गोष्ट, ध्वनीचे पूल. पुढच्या काळातलं वाक्य आधीच्या दृश्यावर सुरू होतं आणि मग चित्र बदलतं. हा चित्रपट याच शिलाईने जोडलेला आहे. दृश्य उचलून दुसरीकडे नेलं की आधीच्या दृश्याच्या शेपटाला भलत्याच काळातलं वाक्य चिकटून राहतं. म्हणून कात्री लावण्याआधी एक तक्ता करा: प्रत्येक काळबदलावर आवाज चित्राच्या किती फ्रेम आधी येतो किंवा किती नंतर संपतो. हा तक्ता तयार नसेल तर कामाला हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे डेव्हिड जुलियनचं संगीत. त्यात शेपर्ड टोनचा भरपूर वापर आहे आणि नोलानने ते स्वतः सांगितलंय. एकाच सुराची वेगवेगळी सप्तकं एकावर एक रचलेली असतात. वरचं विरत जातं, खालून नवं येतं, त्यामुळे सूर सतत चढतोय असं वाटतं आणि तो कुठेच पोहोचत नाही. ताल नाही, ठोका नाही, म्हणजे कट लपवायला जागाच नाही. दोन ठिकाणचे तुकडे लांब क्रॉसफेडने जोडले तर जवळजवळ सारखे पण किंचित वेगळे सूर एकत्र वाजतात आणि गुंगुं अशी थरथर ऐकू येते. उपाय दोनच. एक तर कट एखाद्या कठोर आवाजाखाली न्या, म्हणजे दार आपटणं, टाळ्या, यंत्राची ठिणगी, आणि क्रॉसफेड दहा फ्रेमच्या आत ठेवा. नाहीतर पहिला तुकडा पूर्ण विरू द्या आणि दुसरा शांततेतून सुरू करा. एक तुकडा आधीच्याच्या मध्यावर जोडून ‘चढत राहील’ अशी आशा धरू नका. कान लगेच पकडतो.

रेवा

मी पूर्ण सरळ मांडणीच्या बाजूने आहे. कारण सांगते.

बोर्डन म्हणजे खरं तर आळीपाळीने बोर्डन आणि फॅलन होणारे दोन जुळे भाऊ, म्हणून हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना सगळं लक्ष त्या दोन भावांवर असतं. बोर्डनची बायको सारा हिच्याबरोबर आत्ता कोण आहे, फॅलनच्या वेषात कोण आहे. मूळ क्रमात हे धागे इतके विखुरलेले आहेत की जुळवाजुळव स्मरणशक्तीवर सोडावी लागते. सरळ क्रमात ते शेजारी येतात. बोटं तुटतात आणि पुढे साराला जखम पुन्हा पहिल्या दिवसासारखी वाहताना दिसते. का, ते तेव्हा कळत नाही, पण दोन्ही प्रसंग जवळ आले की प्रेक्षकाच्या मनात प्रश्न पक्का रुजतो. ‘आज तुझं प्रेम आहे, आज नाही’ हा साराचा खेळही तसाच. आठवड्याआठवड्याने बदलणारा नवरा तिला कसा दिसत असेल, हे सलग पाहिल्यावरच अंगावर येतं. सारावर प्रेम करणारा भाऊ वाचतो आणि ऑलिव्हियावर प्रेम करणारा फासावर जातो, या शेवटच्या खुलाशाचं वजनही वाढतं.

यातलं काहीच गुपित फोडत नाही. जुळ्यांचं रहस्य काळाच्या क्रमात लपलेलंच नाही, ते वेषांतरात लपलंय. मग सरळ क्रमाला एवढं घाबरायचं कशाला?

एक तिसरा पर्यायही सुचवते. ख्रिस्तोफर प्रीस्टच्या १९९५ च्या मूळ कादंबरीत बोर्डनचा मजकूर आधी आणि अँजियरची डायरी नंतर, अशी सलग मांडणी आहे, बाहेरून आजच्या वंशजांची चौकट. तशी मांडणी करता येईल का?

कृष्णधवल

रेवा, भावांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. कादंबरीची मांडणी मात्र चित्रपटातून काढता येणार नाही. तिथे एकच घटना दोघांच्या नजरेतून दोनदा येते. चित्रपटात प्रत्येक घटना बहुतेक एकदाच चित्रित आहे, तिची दुसरी बाजू उपलब्धच नाही. बोर्डनचा अर्धा भाग बरा जमेल आणि अँजियरच्या वाट्याला कोलोरॅडो नि शंभर प्रयोग एवढंच उरेल.

पूर्ण सरळ क्रमाला माझा विरोध गतीमुळे आहे. कोलोरॅडो सलग आला की लंडनचं वैर ऐन भरात असताना चित्रपट बर्फात जाऊन बसतो. बोर्डन नाही, कटर नाही, ऑलिव्हिया नाही. टेस्ला, त्याचा सहायक ॲली, अँजियर आणि वाट पाहणं. मूळ मांडणीत हे प्रसंग लहान लहान येतात, कारण त्यांचं काम पुढचा प्रश्न टांगून ठेवण्याचं आहे. सलग लावले की टेस्लाचं ‘अजून यंत्र तयार नाही’ एकामागून एक ऐकू येतं आणि प्रेक्षकाला ते रेंगाळणं वाटतं. मग संकलक ते छाटायला बसतो. छाटलं की मांजर आणि टोप्यांच्या ढिगाचा शोध, म्हणजे यंत्र नक्कल बनवतं हे कळणं, घाईत उरकतो, आणि संपूर्ण चित्रपटात अँजियरला खरी किंमत कळण्याची जागा तीच एक आहे.

आता अर्ध्या सरळ मांडणीच्या बाजूचा एक मुद्दा. या दोन वाचनांच्या चौकटी वाटतात तितक्या घट्ट नाहीत. वही अँजियरच्या हाती गेल्यानंतर बोर्डनच्या घरात जे घडतं, साराचं खचत जाणं, ऑलिव्हियाचा ताण, साराचा अंत, ते वहीत असू शकत नाही आणि अँजियरला ते माहीत असण्याचं कारण नाही. म्हणजे ते कुठल्याच कागदावर नाही, कुणीच ते वाचत नाहीये. संकलकाला हे फार सोयीचं आहे. हे प्रसंग मोकळे आहेत, कुठेही हलवले तरी निवेदनाची गाठ सुटत नाही. रेवा यांना हवी असलेली भावांची सलगता इथे मिळेल: हे घरातले प्रसंग एकत्र आणा आणि कोलोरॅडोच्या दोन तुकड्यांमध्ये दोन मोठ्या खंडांत ठेवा.

आणखी एक विनंती, सालाच्या पाट्या घालू नका. पुष्कळ जण कालानुक्रम केला की ‘लंडन, १८९…’ अशी पाटी टाकतात. टेस्ला कोलोरॅडो स्प्रिंग्जला १८९९ च्या मेपासून १९०० च्या जानेवारीपर्यंत होता, हे खरं. पण चुंग लिंग सू हे नाव विल्यम रॉबिन्सनने १९०० मध्ये घेतलं, आणि चित्रपटात तो त्याच्या बराच आधी दिसतो. टेस्लाची प्रयोगशाळा आगीत गेली ती न्यूयॉर्कची, १८९५ मध्ये. कोलोरॅडोची नंतर पाडली गेली. कथेत हे सगळं खपतं, कारण तिथे साल सांगितलेलं नसतं. पाटी टाकलीत की तुम्हीच इतिहासाचा दावा केलात आणि तो चुकीचा ठरला.

सई

सगळ्यांचे मनापासून आभार, फार शिकायला मिळतंय. रिझॉल्वची फुकट आवृत्ती पुरेल का? आणि दोन काळांमध्ये डिझॉल्व टाकला तर बरं दिसेल ना?

फ्रेम२४

सई, पुरेल. लिनक्सवर फुकट आवृत्ती एच.२६४ चित्र आणि एएसी ध्वनी वाचत नाही, पण वर सांगितल्याप्रमाणे डीएनएक्सएचआर आणि मोनो वेव्ह केलेत तर ती अडचणच येत नाही.

डिझॉल्वचं, म्हणजे एक शॉट विरत दुसऱ्यात मिसळण्याचं, मात्र नीट समजून घ्या. चित्रीकरणाच्या मूळ फुटेजला कटाच्या पुढेमागे जास्तीच्या फ्रेम असतात, त्यांना हँडल म्हणतात. आपल्या हातात तयार चित्रपट आहे, हँडल नाहीत. २४ फ्रेमचा डिझॉल्व टाकलात तर सॉफ्टवेअर कटापलीकडच्या फ्रेम मागतं, आणि तिथे मूळ चित्रपटातला पुढचा शॉट असतो. अर्ध्या सेकंदासाठी भलताच चेहरा चमकून जातो. टाळायचं असेल तर दोन्ही शॉट १२-१२ फ्रेमने आखूड करावे लागतात आणि अभिनयाचा श्वास कापला जातो. या चित्रपटात काळ बदलताना बहुतेक सरळ कटच आहेत, त्याच शैलीत राहा. फारच लागलं तर ८ ते १२ फ्रेमचं काळं ठेवा.

शॉट स्थिरही करू नका. छायालेखक वॉली फिस्टरने बराचसा चित्रपट हातातल्या कॅमेऱ्याने टिपलाय. एक शॉट स्थिर केला तर शेजारचे हलताना खटकतात, शिवाय चौकट छाटली जाते. रंगाला हात लावायची गरज नाही. कोलोरॅडो थंड, लंडनचे अंतर्भाग गॅसबत्तीचे उबदार. हा फरकच प्रेक्षकाला आपण कुठे आहोत ते सांगतो.

सनद

कायद्याचं थोडं. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने डिस्कवरचं तांत्रिक संरक्षण तोडणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कलम ५७ लेखकाला कृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देतं. ‘पैसे घेतले नाहीत’ हे यातून सुटण्याचं आपोआप मिळणारं कारण नाही. त्यामुळे तयार चित्रपट कुठेही चढवू नका, ड्राइव्हची लिंक देऊ नका, गटात टाकू नका. देवाणघेवाण करायची ती कटांच्या यादीची. ती पाहून ज्याच्याकडे डिस्क आहे तो स्वतः जोडणी करेल.

नैतिक बाजूही महत्त्वाची वाटते. २०२५ मध्ये ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीचा शेवट एआयने बदलून ती पुन्हा प्रदर्शित झाली, तेव्हा आनंद एल. राय आणि धनुष दोघांनीही उघड विरोध केला. हक्कधारकाने केलेला बदलही कलावंताला इतका लागतो. आपण तर हक्कधारकही नाही. म्हणून आपल्या यादीच्या माथ्यावर ‘हा दिग्दर्शकाचा चित्रपट नाही, अभ्यासासाठीची मांडणी आहे’ हे ठळक लिहा, आणि ज्याने मूळ पाहिलेला नाही त्याला ही दाखवू नका.

तिसरी घंटा

सनद यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण पाठिंबा. पहिल्यांदा पाहणाऱ्यासाठी मूळ चित्रपटच.

चर्चेनंतर आराखडा असा बदलतोय.

सुरुवातीचा भाग, म्हणजे जंगलातल्या टोप्या, कटरचं बोर्डनच्या छोट्या मुलीला, जेसला, पक्ष्याच्या खेळातून जादूचे तीन टप्पे समजावणं आणि त्यातच गुंफलेला अँजियरचा टाकीतला मृत्यू, याला एका फ्रेमचाही धक्का लावायचा नाही. काळाच्या हिशेबाने यातले तिन्ही तुकडे वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत. पण कटरचं निवेदन आणि संगीत एका अखंड धाग्यात त्यांच्यावरून वाहतं, ते तोडणं शक्य नाही आणि योग्यही नाही. संगीत नाटकाला नांदी असते तसं ते आधी राहू द्यावं. यातला मृत्यू दाखवून झालेला असल्याने, नंतर आपण त्या रात्रीशी पोहोचू तेव्हा बोर्डन रंगमंचाखाली उतरला की थेट न्यायालयात जाता येतं. टाकी पुन्हा दाखवावी लागत नाही.

नांदीनंतर खटला उचलून पुढे ठेवायचा आणि अँजियरच्या आगगाडीने सुरुवात करायची. इथलं त्याच्या डायरीचं निवेदन काढायचं. नादखुळा म्हणतात तसं ही जागा सोपी आहे, खाली संवाद नाहीत. मग कोलोरॅडो आणि वही यांची मूळ विण तशीच. वहीच्या शेवटच्या पानाचा धक्का जागच्या जागी राहतो आणि पूर्ण ताकदीने बसतो, कारण त्याआधीचं वाचन आपण पाहिलेलं असतं.

खरी अडचण डायरीच्या शेवटच्या पानाची आहे. तुरुंगाची चौकट मोडली की बोर्डनने ती डायरी वाचल्याचं आपण पाहिलेलंच नसतं. वकील ओवेन्स ती देतो आणि लगेच शेवटचं पान, असं झालं तर अँजियरचा डाव पोकळ वाटतो. त्यामुळे तुरुंगातले वाचनाचे मधले एक-दोन शॉट त्या दोन प्रसंगांच्या मध्ये ठेवायचे, आणि काढून टाकलेल्या निवेदनापैकी एक तुकडा तिथे परत आणायचा. आगगाडीच्या जागेवरचं निवेदन त्यासाठी योग्य, कारण प्रेक्षकाने तो प्रवास पाहिलेला आहे आणि आता त्याला कळतं की हे सगळं बोर्डनच्याही डोळ्यांखालून गेलंय. गळ पूर्ण नाही, पण बराचसा परत येतो.

कृष्णधवल यांची घरातल्या प्रसंगांची सूचना घेतली. दोन खंड. पहिला जखमेपासून ऑलिव्हिया बोर्डनकडे येईपर्यंत, दुसरा साराच्या अंतापर्यंत. दुसरा खंड टेस्लाच्या प्रयोगशाळेच्या आगीआधी. रेवा, यात पूर्ण सरळपणा नाही, पण भावांचा माग सलग काढता येईल.

रेवा

हे मला पटतंय. फक्त पहिल्या खंडात वहीचं निवेदन येतंय ना? जखमेचा काळ वहीत असू शकतो. तिथे बोर्डनचा आवाज असेल तर तो ठेवा. तो काय सांगत नाही हे कळायला त्याचा आवाज ऐकू यायला हवा.

तिसरी घंटा

हो, बोर्डनच्या निवेदनाला कुठेच कात्री नाही.

नादखुळा

मग यादी कशी बांधायची ते ठरवून टाकू, नाहीतर प्रत्येकाची जोडणी वेगळी होईल.

सीएमएक्स ३६०० पद्धतीची इडीएल, म्हणजे सॉफ्टवेअरने वाचायची कटांची यादी, वापरू नका. तिच्यात चित्राचा एकच ट्रॅक मावतो आणि ध्वनीचे चार, म्हणजे सहा चॅनेलवरचे वेगवेगळे बदल वाहून जातात. साधा तक्ता करा. रकाने: क्रमांक, चित्र-आरंभ, चित्र-अंत, मध्य चॅनेल आरंभ-अंत, बाकीच्या चॅनेलचा आरंभ-अंत, क्रॉसफेड किती फ्रेम, मध्यात काय भरलं आणि ते कुठून घेतलं. टाइमकोड नको, फ्रेमक्रमांक लिहा. वेगवेगळ्या देशांच्या डिस्कवर सुरुवातीची बोधचिन्हं वेगवेगळी आणि कमीजास्त लांबीची असतात. म्हणून टोप्यांच्या शॉटची पहिली फ्रेम म्हणजे शून्य धरा आणि सगळे आकडे तिथून मोजा.

पहिली तपासणी म्हणून सगळ्यांनी आधी दोनच जोड करून पाहावेत: नांदीतून आगगाडीवर जाणं आणि साराच्या अंतातून प्रयोगशाळेच्या आगीवर जाणं. पहिल्यात मध्य चॅनेल भरण्याचं काम कळेल, दुसऱ्यात संगीताचं. दुसऱ्या जोडाला मी आगीच्या पहिल्या मोठ्या आवाजाखाली ६ फ्रेमचा क्रॉसफेड सुचवतो, आणि एलएफई चॅनेल मुख्य कटाच्या २ फ्रेम नंतर सुरू करावा, नाहीतर खालचा धप्प चित्राआधी येतो. ऐकताना ५.१ वर ऐका आणि मग स्टिरिओत उतरवूनही ऐका. मध्यात भरलेला वारा ५.१ मध्ये बेमालूम वाटतो, पण स्टिरिओत संगीताशी मिसळल्यावर त्याचा फुसफुसाट वर येतो. तसं झालं तर भरलेला तुकडा ३ डेसिबलने खाली घ्या आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचं हलकं कापा.

फ्रेम२४

तक्त्याला एक रकाना आणखी जोडा: उपशीर्षकं. डिस्कवरची उपशीर्षकं चित्ररूपात असतात, ती दृश्याबरोबर आपोआप सरकत नाहीत. आधी सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरने एसआरटी, म्हणजे मजकुराच्या स्वरूपातली उपशीर्षकं, काढा, मग कापलेल्या प्रत्येक खंडाची उपशीर्षकं त्या खंडाच्या विस्थापनाइतकी सरकवा. काढून टाकलेल्या निवेदनाच्या ओळी आठवणीने पुसा. आणि आगगाडीचं जे निवेदन तुरुंगात नेतोय त्याच्या ओळीही त्याच्याबरोबर तिकडे न्या, त्या मूळ जागी राहून जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.